म्हशीच्या डोळ्याचं औषध

हळदीच्या दिवसांत कुरुंद्यात कोण गोरं आणि कोण सावळं हे सांगणं अवघडच, कारण तोंडं सगळ्यांचीच पिवळी. पण प्रभूचं पिवळेपण जरा वरच्या दर्जाचं होतं. शिजवून वाळवलेल्या हळकुंडांना झळाळी आणणारा लोखंडी ड्रम त्याच्या घरचा होता आणि तो दिवसभर त्याच्या तोंडासमोर फिरायचा. होळीनंतर दोन महिने प्रभूच्या कानात, नाकात, भुवयांत आणि चहाच्या कपातही हळद असायची. एकोणतीस वर्षांत त्याला याचं कधी काही वाटलं नव्हतं. मग दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तो आखाडा बाळापूरला गेला आणि त्याने राधिका पाहिली.

पाहिली म्हणजे काय, तिने पोह्यांची बशी पुढे केली, एकदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि ओठ दाबून हसत आत निघून गेली. सोबत आलेले ज्ञानबामामा पोह्यांत गर्क होते आणि आई सुभद्राबाई त्या घराच्या खांबांकडे बघत होती, त्यामुळे ते हसू एकट्या प्रभूच्या वाट्याला आलं. परतीच्या एसटीत त्याने काचेत स्वतःचं पिवळं तोंड पाहिलं आणि त्या हसण्याचा अर्थ जागच्या जागी लावून टाकला. याआधी दोन ठिकाणांहून 'पोरगा थोराड दिसतो' असा निरोप आला होता, तेव्हा त्याने खांदे उडवले होते. इथे मात्र जीव अडकला. राधिका त्याला हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि पंधरा दिवसांनी तिच्या घरचे कुरुंद्याला घर बघायला येणार होते.

एखाद्या शहाण्याने तेवढ्यात भिंतींना चुना दिला असता, गोठ्याचा दरवाजा नीट केला असता. प्रभूने वसमत गाठलं.

तिथल्या जनरल स्टोअरच्या मालकाने त्याच्याकडे बघून आधी कावीळ झाली का ते विचारलं. मग महागातली क्रीम दाखवली, प्रभूचा हात खिशात जाईना हे पाहून ती परत फळीवर ठेवली, आणि खालच्या खणातून 'चेहराबहार टोनर' काढला. हाताएवढी बाटली, वर गुलाबाचं फूल, फुलाला गाल टेकवलेली एक बाई, किंमत वीस रुपये. "शहर में सब लोग यही लगाते हैं," मालक म्हणाला. शहरातल्या सगळ्या लोकांनी वीस वीस रुपयांत काम भागवलंय हे ऐकून प्रभूला शहराबद्दल आदर वाटला. बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की रोज सकाळी स्वच्छ चेहऱ्यावर लावावे, नंतर पाण्याने धुऊ नये, फरक सात दिवसांत.

लावायला कापूस लागतो. घरात कापूस होता तो देवघरातला, सुभद्राबाईच्या वातींचा. प्रभूने तो रोज चिमूटभर उचलायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "बाबा, कापूस काहून कमी होऊन राहिला?"

"उंदरं लय झालेत," प्रभू म्हणाला.

आंघोळ झाली की तो गोठ्यामागे जायचा आणि म्हशीच्या साक्षीने टोनर लावायचा. लावल्यावर गार वाटायचं, मग कातडं ताणल्यासारखं व्हायचं. ताण आला म्हणजे औषध आत शिरलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. चौथ्या दिवशी दाढीच्या आरशात त्याला स्पष्ट फरक दिसला. पाचव्या दिवशी तो गेला. सहाव्या दिवशी परत आला, पण फक्त डाव्या गालावर. सातव्या दिवशी त्याने ठरवलं की आरसाच जुना आहे.

ठरल्या दिवशी पाहुणे दुपारी बाराला येणार होते. ते नऊलाच जीपमधून उतरले, कारण तिकडे दुपारी ऊन फार लागतं असं राधिकाच्या वडिलांचं, रामकिशनरावांचं म्हणणं. जणू सकाळी नऊला कुरुंद्यात हिमालय असतो. सोबत त्यांची थोरली बहीण जमनाबाई होती, राधिकाची आत्या. न्हाणीपाशी पाहुणे पाय धुऊ लागले, आणि प्रभू मागच्या अंगणात फिरत्या ड्रमसमोर, डोक्यापासून पायापर्यंत हळदीने माखलेला.

न्हाणीकडे जायचं तर पाहुण्यांमधून जावं लागणार. आरसा बैठकीत, म्हणजे तोही पाहुण्यांच्या ताब्यात. प्रभूने उपरण्याने तोंड खसाखसा पुसलं, बाटली काढली, आणि आज मोठा दिवस म्हणून अर्धी बाटली ओंजळीत ओतून तोंडाला चोपडली. 'स्वच्छ चेहऱ्यावर' हे शब्द त्याला पाठ होते. उपरण्याने पुसलेलं तोंड म्हणजे स्वच्छच, असं त्याने धरलं. गार वाटलं, ताण आला. बाटली सदऱ्याच्या खिशात टाकून, छाती काढून तो बैठकीत शिरला.

रामकिशनरावांचा चहाचा कप अर्ध्या वाटेवर राहिला. ज्ञानबामामांनी तोंड उघडलं ते मिटेना. टोनरने एवढा परिणाम साधला असेल अशी प्रभूचीही अपेक्षा नव्हती. तो भारावून सतरंजीवर बसला आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मान जरा या बाजूला, जरा त्या बाजूला वळवत राहिला.

"पाव्हणं," जमनाबाई शांतपणे म्हणाली, "तोंडाला काय लावलं?"

"कुठं काय? काहीच न्हाई."

"मग लाल काहून झालं?"

प्रभूची नजर भिंतीवरच्या आरशाकडे गेली. आरशात एक माणूस बसला होता. त्याचं कपाळ, गाल, हनुवटी, सगळं कुंकवासारखं लालभडक होतं, आणि कान तेवढे पिवळे.

सुभद्राबाई आईच्या मायेने धावून आली. "लहानपणापासून असंच हाय त्याचं. लाजलं की लाल होते."

"अन् कान लाजत न्हाईत व्हय?" जमनाबाईने विचारलं. तिने सरबताच्या तांब्याशेजारची लिंबाची फोड उचलली, पुढे झुकली आणि प्रभूच्या गालावरून फिरवली. लाल रंगाच्या मधोमध पिवळाधमक पट्टा उमटला. "हळदीच्या लुगड्याला साबण लागला की असंच होते. जलमभर धुतलेत मी. सोड्याचं काहीतरी लावलंय तुमी. सांगा ना, त्यात काय येवढं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि तिच्यामागे सगळी बैठक हसली असती. प्रभूला हे कळलंही. लाजेने त्याचे कानही आता बाकीच्या तोंडाशी जुळू लागले होते. पण सात दिवस कापूस चोरून गोठ्यामागे उभा राहिलेला माणूस असा चारचौघांत कबूल कसा होणार?

"काहीच न्हाई लावलं," तो म्हणाला.

"अन् खिशात ते काय हाय?"

गुलाबाचं फूल आणि गाल टेकवलेली बाई खिशातून डोकावत होती. प्रभूने हात ठेवला, पण उशीर झाला होता. "हे? हे म्हशीचं हाय. म्हशीच्या डोळ्याचं औषध. ते घालताना उडालं असल थोडं."

जमनाबाईने मान तिरकी करून बाटलीवरच्या बाईकडे निरखून पाहिलं.

"देखणी हाय म्हैस तुमची," ती म्हणाली.

रामकिशनरावांचं मात्र लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी बाळापुरात दोन वर्षांपूर्वी हळद सुरू केली होती आणि ती म्हणावी तशी रंगत नव्हती. प्रभूचं तोंड जवळून बघत ते म्हणाले, "लय अस्सल माल हाय हो. आमची हळद येवढी लाल होत न्हाई. लागवडीला बेणं कुठलं?" मग ते ज्ञानबामामांना घेऊन मागे हळद बघायला गेले आणि तासभर परतलेच नाहीत. प्रभू लिंबू चोळत बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी ज्ञानबामामा निरोप घेऊन आले. ते आधी दोन कप चहा प्यायले.

"पोरगी पैल्याच दिवशी व्हय म्हणली होती," ते म्हणाले.

"मग हसली काहून?"

"तुझ्या भुवईला हळद होती म्हणे. तिनं घरी सांगितलं, हे माणूस कामावरून उठून आलंय, नटून न्हाई. मला पसंत हाय." मामांनी कप खाली ठेवला. "आत्यानं समदं सांगितल्यावर आता म्हणती, पिवळं चाललं असतं, लाल बी चाललं असतं. पण येवढ्याशा बाटलीपायी जो मुक्या म्हशीला आजारी पाडतो, तो उद्या माझ्या नावावर काय काय ढकलंल?"

प्रभूला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे की पोरगी बराबर बोलत होती. "आणिक एक," मामा उठता उठता म्हणाले, "बेणं मात्र तुझंच पाहिजे म्हणले रामकिशनराव."

महिन्याभराने बेण्याची पोती न्यायला बाळापूरहून टेम्पो आला. सोबत चिठ्ठी होती की पाच किलो दळलेली हळदही द्यावी, राधिकाचं लग्न ठरलं आहे, आणि असा अस्सल रंग दुसरीकडे मिळत नाही. प्रभूने निवडून निवडून हळकुंडं घेतली, स्वतः दळून आणली, आणि ओट्यावर बसून पिशवीत भरू लागला.

आई आतून म्हणाली, "कापूस संपला रे. उंदरं हायेत का गेले?"

"उंदरं नव्हतेच," प्रभू म्हणाला. "मीच घेतला होता. तोंडाला टोनर लावून राहिलो होतो."

"मला ठाऊक हाय," सुभद्राबाई म्हणाली. "आता मला सांगून काय फायदा? पिशवी नीट बांध."

प्रभूने पिशवी नीट बांधली. आठ दिवसांनी त्या हळदीने कुणा दुसऱ्याचं तोंड पिवळं होणार होतं, आणि राधिका त्याच्याकडे बघून ओठ दाबून हसणार होती.