आडवी तुती

फोटोवाला कोपरांवर भार देऊन गवतात पालथा पडला होता आणि कॅमेऱ्यातून तुतीकडे बघत होता. गुडघे सकाळपासून कुरकुरत होते, त्यामुळे उकिडवं बसण्यापेक्षा आडवं होणं त्याला सोपं गेलं. इतक्या खालून झाड भलतंच अंगावर येत होतं. मागची स्वयंपाकघराची भिंत त्याच्यापुढे अगदीच केविलवाणी दिसत होती.

"धोका दिसतोय ना?" त्याच्या डोक्याशी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

"दिसतोय," तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

वकिलांनी तसंच बजावलं होतं. झाड घरावर कललंय हे फोटोत एका नजरेत कळायला हवं. बाई निवृत्त नर्स होत्या. चौतीस वर्षं इस्पितळात काढल्यामुळे सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणायची. कुंपणापलीकडच्या घरात त्यांची सख्खी धाकटी बहीण राहायची आणि शिवणकाम करायची. वडिलांच्या जागेची वाटणी झाली तेव्हा एक काहीतरी बोलून गेली आणि दुसरीनं ते मनात धरलं. त्याला आता सहा वर्षं होत आली होती. तुती तोडायची की ठेवायची, हे प्रकरण वकिलापर्यंत गेलं ते त्यातूनच.

फोटोवाला हात टेकत उठला. अंगावरचं गवत झटकता झटकता तो मागे सरकला आणि तिथंच थांबला. मघापासून तो झाडाचा धोकाच शोधत होता; झाड त्यानं आत्ता पाहिलं.

मूळ धाकटीच्या अंगणात होतं. मातीतून दोन हात वर आल्यावर खोड एकाएकी आडवं झालं होतं आणि तसंच जमिनीला समांतर, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून सरकत कुंपणापर्यंत आलं होतं. कुंपण घालणाऱ्या सुताराला तिथं दोन फळ्यांना अर्धगोल खाच पाडून वाट करून द्यावी लागली होती. ती ओलांडून खोड सिस्टरांच्या हद्दीत आलं होतं आणि मग, कुणी हाक मारल्यावर माणूस उठून उभा राहतो तसं, सरळ वर गेलं होतं. पानं, फळं, सावली, सगळं या बाजूला. आडव्या भागाची साल वरून गुळगुळीत झाली होती आणि खालून खरबरीत राहिली होती.

त्याच्या दुकानात दिवसभर पासपोर्टचे फोटो निघत. मान सरळ, खांदे सारखे, दोन्ही कान दिसले पाहिजेत. वीस वर्षं तो येईल त्या माणसाला सरळ करत आला होता. इथं हनुवटी वर करा म्हणायची सोयच नव्हती. त्यानं लेन्स बदलली आणि झाडाभोवती फिरत एक फोटो काढला, मग आणखी एक. खाचेतून बाहेर आलेलं खोड. वळणावरची साल, जिथं ती जुन्या बुटासारखी चुण्याचुण्यांची झाली होती.

"वकिलांनी चारच सांगितलेत," सिस्टर म्हणाल्या.

"हे माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी? आहे काय त्यात एवढं?"

"असं पडल्यावर पुन्हा उठलेलं झाड मी बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

रोग्याच्या भाबड्या नातेवाइकाकडे बघावं तसं सिस्टरांनी त्याच्याकडे बघितलं. "वारा सुटला की हे माझा पत्रा बडवतं. तुम्ही फोटो काढून घरी जाल. पत्रा माझ्या डोक्यावर आहे."

तेही खरंच होतं. पत्र्याच्या कडेला फांद्या लागून लागून पन्हळ पार चेपली होती. तिचाही त्यानं एक फोटो घेतला.

वकिलांच्या चिठ्ठीतली शेवटची ओळ राहिली होती: आडव्या भागाची लांबी मापासकट दिसावी. त्यानं पिशवीतून पोलादी टेप काढली. एक टोक मुळाशी धरायला हवं, दुसरं वळणाशी, आणि त्याला तर फोटो काढायला लांब जाऊन उभं राहायचं होतं.

"वळणाशी मी धरते," सिस्टर म्हणाल्या. "मूळ तिच्या हद्दीत आहे. तिकडे मी पाऊल टाकणार नाही."

"मग त्यांना विचारू का?"

सिस्टरांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. नाही म्हणाल्या नाहीत.

तो रस्त्यावरून वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला. आत शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं आणि धाकटी बाहेर आली. गळ्यात कापडी टेप, बाहीवर ओळीनं टाचण्या. त्याचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे झाड तोडायला माझीच मदत मागताय."

"मोजायला."

"मोजल्याशिवाय कोण कापतं?" ती म्हणाली. पण चपला तिनं पायात सरकवल्या होत्या. "चला. चुकीच्या मापानं काही कापलेलं मला चालत नाही."

तिनं टेपचं टोक मुळाशी दाबून धरलं. फोटोवाला टेप उलगडत खोडाच्या कडेकडेनं गेला, कुंपणाच्या खाचेतून डबी पलीकडे सरकवली, ती सिस्टरांनी घेतली. मग तो पुन्हा रस्त्यावरून वळसा घालून आला आणि कुंपण संपतं त्या कोपऱ्यावर उभा राहिला. तिथून दोन्ही अंगणं दिसत होती.

"टेप सैल पडलीय," सिस्टर म्हणाल्या. "सांगा तिला, ताणून धर म्हणावं."

"त्यांना सांगा, टेप कशी धरतात ते मला शिकवू नका म्हणावं."

फोटोवाल्यानं दोन्हीकडे मान हलवली. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोघींना एकमेकींचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"तेरा फूट दोन इंच," सिस्टरांनी वाचलं.

"दोन? चष्मा लावून वाचा म्हणावं."

सिस्टरांनी चष्मा लावला. "साडेतीन," त्या म्हणाल्या.

त्यानं फोटो घेतला. आकडे ठीक दिसत होते, चेहरे मात्र दगडासारखे. दोघींना जरा सैल करावं म्हणून, दुकानात गिऱ्हाइकांना विचारतो तसं, त्यानं सहज विचारलं, "हे असं आडवं झालं कसं?"

"वादळात," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही लहान होतो. उन्मळून पडलं, पण निम्मी मुळं मातीत राहिली. वडील कुऱ्हाड घेऊनच आले होते. पण ही खोडावर चढून बसली ती उतरेचना. शेवटी तेच कंटाळले."

"कोण, मी?" धाकटीनं फोटोवाल्याकडे बघितलं. "काहीतरीच काय. मी पाच वर्षांची, मी कुठली चढतेय. त्याच बसल्या होत्या. दिवसभर."

"सांगा तिला, मी नव्हते."

"तूच होतीस, ताई."

"मला चांगलं आठवतंय. हिरवा फ्रॉक होता अंगात."

"हिरवा फ्रॉक तुझा. मला तो दोन वर्षांनी आला. तुझे सगळेच कपडे मला येत."

"आणि रडत कोण होतं मग? सगळी गल्ली गोळा झाली होती तुझं रडणं ऐकून."

"रडत होते मी. खाली उभी राहून," धाकटी म्हणाली. "तू जेवायला येत नव्हतीस म्हणून."

सिस्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. टेप केव्हाच ढिली होऊन गवताला टेकली होती. त्यांचा एक हात वळणावरच्या चुण्यांवर होता, धाकटीचा खाली मुळाशी. फोटोवाल्यानं यावेळी तयार राहा न म्हणताच बटण दाबलं.

"झालं असेल तर मी जाते," धाकटी म्हणाली. "इस्त्री तापत ठेवून आलेय." तिनं टेपचं टोक सोडून दिलं नाही, ते हातात धरून कुंपणापर्यंत आली, खाचेतून पुढे केलं आणि पलीकडून ते घेतलं गेल्यावर वळली.

फोटोवाला पिशवी भरायला आला तेव्हा सिस्टर झाडापाशीच होत्या.

"पाच नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांची होती."

चार दिवसांनी त्या दुकानात आल्या. वकिलांसाठी काढलेले चार फोटो त्यानं काउंटरवर ओळीनं मांडले. सगळ्यात आधी त्यांनी पालथं पडून काढलेला उचलला.

"हे माझं घर?"

"हो."

"एरवी एवढंसं दिसत नाही ते."

"खालून काढलाय ना. गवतातून."

"गवतात पडून कोण बघणार आहे माझ्या घराकडे?" त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, खरंच विचारल्यासारखं. मग फोटो पाकिटात घालताना त्यांना पाकिटाखाली ठेवलेला पाचवा दिसला. तो त्यांनी ओढून घेतला.

झाड फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं. दोन्ही टोकांना दोन बायका, दोघींची तोंडं उघडी, एकीचा हात हवेत. टेप कुठं दिसतही नव्हती. माप म्हणून त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"केवढ्या म्हाताऱ्या झालोय आम्ही."

"तुम्ही बोलत होतात. मला नीट उभं करता आलं नाही."

"असू दे." त्यांनी फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "याच्या दोन प्रती काढा."

"एक वकिलांना?"

"वकिलांना काय करायचाय?" चार फोटोंचं पाकीट त्यांनी पर्समध्ये घातलं आणि चेन ओढली. ते पुढे कुठं जाईल हे त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं नाही. "एक मी आत्ता नेते. दुसरा इथंच ठेवा. ती येईल न्यायला."

त्यानं मशीन चालू केलं. कागद सावकाश बाहेर आला, पाठोपाठ दुसरा. एक प्रत त्यानं त्यांच्या हातात दिली आणि दुसरी पाकिटात घालून वर नाव लिहायला पेन काढलं.

"त्यांना फोन करून सांगू ना, तयार आहे म्हणून?"

सिस्टर पायरी उतरत होत्या. त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"नको," त्या म्हणाल्या. "मी सांगते."