कवटीफोड्याचा अर्ज

वेलांटीकाकांचा संगणक सोमवारी सकाळी गेला. आधी जळका वास आला, मग पडद्यावर एक आडवी रेघ उमटली आणि मग काहीच उरलं नाही; तपासायला घेतलेलं पुस्तक अर्ध्यावरच राहिलं. काका पेशाने मुद्रितशोधक. छत्तीस वर्षं लोकांच्या चुका काढून त्यांनी संसार केला होता, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलेलं. दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली, आत फुंकर मारली आणि डॉक्टरसारखा आवाज खाली आणून म्हणाला, "काका, हिच्यात आता काही राहिलं नाही."

त्याच दुपारी पाणीखात्याची नोटीस आली. 'आपल्या पत्त्यावर नोंद असलेली विहीर उघडी व धोकादायक आहे. पंधरा दिवसांत तीवर जाळी बसवावी. अन्यथा ती खात्यामार्फत माती टाकून बुजवण्यात येईल.'

काकांनी नोटीस दोनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

"अगं, आपल्याकडे विहीर आहे?" त्यांनी आतल्या खोलीत विचारलं.

काकू शिवणयंत्रावर होत्या. तोंडातली टाचणी न काढताच म्हणाल्या, "असती तर आज पाणी गेलं म्हणून ओरडले असते का?"

दुसऱ्या दिवशी काका खात्याच्या खिडकीवर उभे राहिले. नळजोडणीच्या जुन्या अर्जात अर्जदाराविषयी एक रकाना होता. त्यात काकांनी आपल्या हाताने 'वि.' असं लिहिलं होतं.

"वि. म्हणजे विवाहित!" काका म्हणाले.

"आमच्याकडे वि. म्हणजे विहीर," खिडकीतला माणूस म्हणाला.

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे. विहीर अशी उभी राहते का?"

"ते अर्जात लिहा. नाहीतर त्या पत्त्यावर जे असेल ते बुजवलं जाईल. दुरुस्तीचे अर्ज आता फक्त ऑनलाइन घेतो."

घरी येऊन काकांनी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी परिचारिका होती आणि जाताना आपला गेम खेळायचा डबा टीव्हीखाली ठेवून गेली होती. "बाबा, तोच लावा ना," ती म्हणाली. "त्यात इंटरनेट आहे. अर्ज होतात, पत्रं जातात, सगळं होतं."

"त्यावर तू माणसं मारायचीस."

"त्यावरच मी नोकरीचा अर्ज पण केला होता."

काकांना ते वस्तऱ्याने भाजी चिरण्यासारखं वाटलं, पण दुसरा इलाज नव्हता. ते टीव्हीसमोर मोढ्यावर बसले आणि दोन कानांचं ते यंत्र हातात धरलं. पडद्यावर अक्षरांचा तक्ता आला. अंगठ्याने काडी ढकलायची, अक्षरावर जायचं, दाबायचं. चुकीच्या अक्षरावर गेलं की यंत्र हातातल्या हातात थरथरायचं. 'विनंती' एवढा एक शब्द लिहायला सात मिनिटं लागली. जोडाक्षर आलं की काकांच्या नाकी नऊ येत. 'अर्जदार'मधल्या रफाराच्या शोधात ते तीनदा तक्त्याबाहेर गेले आणि एकदा तर थेट कुठल्यातरी रणांगणावर पोहोचले.

टीव्ही मोठा, खिडकी उघडी, त्यामुळे अर्ज रस्त्यावरूनही वाचता येत होता. पोस्टमन सायकल थांबवून जरा वेळ बघत राहिला.

"काका, 'विनंती'च्या 'वि'ला पहिली वेलांटी हवी ना? तुमची दुसरी पडलीय."

काकांचे कान लाल झाले. छत्तीस वर्षांत असं कोणी त्यांना म्हटलं नव्हतं. त्यांनी चूक सुधारली आणि उठून खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी अर्ज गेला. लगेच तुतारी वाजली, पडद्यावर सोनेरी ढाल फिरली आणि अक्षरं उमटली: 'शाब्बास योद्ध्या! पहिला बळी!'

"कोण गेलं?" काकूंनी आतून विचारलं.

"अर्ज गेला," काका म्हणाले.

उत्तर बुधवारी आलं. 'श्री. कवटीफोड्या यांस.' काकांनी डोक्याला हात लावला. लेकीने खेळात घेतलेलं नाव त्या डब्यात तसंच होतं आणि ते बदलायचा परवलीचा शब्द ती विसरली होती. पुढे लिहिलं होतं: 'आपला अर्ज मिळाला. आपण सदर विहिरीचे कोण, ते कळवावे.'

काकांनी एक तास खपून कळवलं: 'ज्या विहिरीबद्दल आपण लिहिता ती मीच आहे. मी विहीर नाही.'

'आपली दोन्ही विधाने एकमेकांशी जुळत नाहीत,' खात्याने लिहिलं. 'ओळख पटवण्यासाठी गुरुवारी दुपारी तीन वाजता उत्तर वेशीजवळ समक्ष यावे.'

गावाला उत्तर वेस नव्हती. दक्षिणही नव्हती. काकांनी पत्रातल्या क्रमांकावर फोन केला. फोन खात्यातल्या लेखनिक बाईंनी उचलला.

"आमचे सगळे संगणक तपासणीला नेलेत हो," त्या म्हणाल्या. "करमणुकीच्या खोलीतला गेमचा डबा तेवढा राहिलाय. साहेबांनी त्यालाच कार्यालयीन यंत्र म्हणून मान्यता दिली. पत्रं त्यावरून जातात. पण समक्ष म्हटलं की खेळातच यावं लागतं."

"बाई, मी पाच मिनिटांत चालत येतो की तुमच्याकडे."

"चालत आलेल्यांची नोंद करायला इथे जागाच नाही, काका."

गुरुवारी तीनला काका खेळात शिरले. डोक्यावर कवटीचं शिरस्त्राण, अंग उघडं, हातात काटेरी गदा. स्वतःला तशा अवतारात बघून त्यांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. वेशीजवळ चिलखत घातलेली एक धिप्पाड बाई दोन कुऱ्हाडी घेऊन उभी होती. तिच्या डोक्यावर नाव तरंगत होतं: 'आवकजावक'.

"नमस्कार," टीव्हीतून लेखनिक बाईंचा आवाज आला. "या, पुढे या."

काका पुढे गेले. वेशीजवळ एक विहीर होती. ते सरळ तिच्यात पडले.

"काका, तुम्ही विहिरीत आहात."

"मी पडलोय!"

"मला दिसेल तेच लिहावं लागतं," बाई ओशाळून म्हणाल्या. "अर्जदार विहिरीत आढळला."

काका कसेबसे वर आले, नमस्कार करायला गेले आणि चुकीचं बटण दाबून पुन्हा आत पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा त्यांनी यंत्र मांडीवर ठेवून दिलं. घर जाणार, तेही एका टिंबापायी, आणि ते टिंब आपलंच!

शिवणयंत्र थांबलं. काकू उठून आल्या. खांद्यावर अर्धी शिवलेली पँट तशीच होती.

"आणा इकडे."

"अगं, तुला जमणार नाही, दोन अंगठे—"

"तीस वर्षं मी काजं-बटणं करते. आणा म्हटलं ना."

काकूंनी दोनदा बटणं चाचपली. कवटीफोड्या टुणकन विहिरीबाहेर आला, वाटेत आडव्या आलेल्या लांडग्याला त्याने गदा घातली आणि आवकजावकसमोर ताठ उभा राहिला.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"यांची बायको. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. विहिरीशी कोणी लग्न करतं का हो?"

आवकजावकने दोन्ही कुऱ्हाडी खाली ठेवल्या. मग बाई म्हणाल्या, "हे आधी लिहायला काय झालं होतं? ओळख पटली. आता फक्त साहेबांची मंजुरी."

साहेब नदीपलीकडच्या किल्ल्यात होते. दोघी पूल ओलांडून गेल्या. साहेबांचा योद्धा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"जेवायला गेलेत," बाई म्हणाल्या.

पाऊण तास दोघी भिंतीपाशी उभ्या राहिल्या. तेवढ्यात बाईंच्या गुडघेदुखीचा, त्यांच्या जावेच्या स्वभावाचा आणि बाह्यांच्या मापाचा विषय निघाला. काका चहा करून घेऊन आले आणि गुपचूप मोढ्याच्या कडेला बसले. शेवटी साहेबांचा योद्धा हलला, वळला, काही न विचारता तलवार वर करून खाली आणली आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

"झाली मंजुरी," बाई म्हणाल्या. "पत्र येईल."

पण पत्र येईना. पंधराव्या दिवशी सकाळी दारात मातीचा ट्रक आला. मुकादम टेप आणि वही घेऊन आला आणि पायरीवर उभा राहूनच त्याने विचारलं, "खोली किती?"

"दोन आणि स्वयंपाकघर," काका म्हणाले.

मुकादमाने 'दोन' लिहिलं. मग घरात इकडेतिकडे बघत तो म्हणाला, "फार नाहीये. दुपारपर्यंत बुजेल."

काका दारात आडवे झाले. काकूंनी धावत जाऊन टीव्ही लावला. तुतारी वाजली, ढाल फिरली आणि पत्र उघडलं. मुकादमाने ते मोठ्याने वाचलं: "सदर विहीर विवाहित असल्याचे निदर्शनास आल्यामुळे बुजवण्याची कारवाई रद्द करण्यात येत आहे."

त्याने वहीतलं 'दोन' खोडलं. मग टेप गुंडाळत म्हणाला, "मग नाही बुजवता येणार. घरचं माणूस आहे म्हटल्यावर."

काकांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. "एक मिनिट, यात एक चूक आहे. विहीर विवाहित नाही, मी—"

"अहो," काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

काकांनी हात खाली घेतला. समोरच्या मजकुरातली ढळढळीत चूक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तशी सोडून दिली. त्यांना वाटलं होतं, आता आपल्याला बरं वाटणार नाही. पण त्यांना सडकून भूक लागली.

नवा संगणक पुढे आलाच नाही. काकांनी डब्याला कळफलक जोडला आणि उरलेली पानं टीव्हीवरच तपासली. पुस्तक संपलं तेव्हा खेळात त्यांना सेनापती करण्यात आलं. गुरुवारी दुपारी मात्र टीव्ही काकूंचा असे. त्या आणि लेखनिक बाई मिळून नदीपलीकडच्या मुलखात काय काय करायच्या, ते काकांनी कधी विचारलं नाही.

प्रश्न राहिला मातीचा. आणलेली माती परत न्यायला वहीत रकानाच नव्हता, म्हणून मुकादमाने ट्रक काकांच्या दारात रिकामा केला, सही घेतली आणि निघून गेला. आठ दिवस काका-काकू पाट्या वाहत होते. गल्लीतल्या प्रत्येक घराने दोन-दोन कुंड्या भरून नेल्या. पोस्टमनने सायकलच्या पिशवीत पत्रांखाली माती भरली आणि यात काय लावू म्हणून विचारलं.

"मिरच्या लावा," काकू म्हणाल्या.

आणि त्याने मिरच्या लावल्या.