पट्टी हलवायची नाही

मेल आला तेव्हा मी जिन्यात होते, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या तिथेच टाकून मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरच्या काकू लाटणं घेऊनच बाहेर आल्या. त्यांना वाटलं कोणी पडलं. पडतंय कसलं! निवड झाली होती माझी! समुद्रापलीकडच्या विद्यापीठात एक अख्खं सत्र. पाच महिने, फी माफ, राहायला खोली. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या आमच्या वर्गातून एकटी मी!

आईने त्याच संध्याकाळी माळ्यावरची बॅग काढून पुसली. मी कपाटाच्या दारावर सामानाची यादी चिकटवली. आई येता-जाता तिच्यात भर घालायची. "सुई-दोरा लिही. तिथे बटण तुटलं तर कोण बसलंय तुझं?" घरात नुसता धुमाकूळ. गप्प होते ते एकटे बाबा. मेल वाचून दाखवला तर "हं." खोलीचे फोटो दाखवले तर "बरी आहे." अकरा दिवस झाले, परदेश हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. माझं डोकं असं फिरायचं! नको जाऊस म्हणा, भांडा, ताट आपटा. हं काय, हं?

बाबा बँकेच्या दारावर असतात. बावीस वर्षं. माणूस आला की दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. घरीसुद्धा आम्ही समोरून आलो की ते आधी भिंतीला चिकटतात. आई म्हणते, हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांना वाट देत उभा होता.

आता जायचं म्हणजे एक फॉर्म असतो. इथल्या प्रत्येक विषयासमोर तिथला जुळणारा विषय लिहायचा आणि तो विषय शिकवणाऱ्या सरांची सही घ्यायची. पाच सह्या मी दोन दिवसांत आणल्या. सहावी सर्व्हेच्या सरांची. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"तिथे प्रत्यक्ष मोजणी नाही. सगळं संगणकावर. माझ्या विषयात पाय दुखले पाहिजेत."

"सर, सोमवारी पाचला फॉर्म द्यायचाय! सही नसेल तर जागा जाईल!"

"मग रविवार कशाला असतो? कॉलेजच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत लेव्हल घेत जा, दुसऱ्या रस्त्याने परत ये. दोन किलोमीटर. सतरा मिलिमीटरच्या आत जुळलं तर सही. आणि मदतीला वर्गातलं कोणी नको. नवखा माणूस आण. त्याला शिकवता आलं, तर तुला विषय कळला म्हणायचं."

काम तसं सोपं. तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावायची. पुढे एकाने आकडे लिहिलेली उंच पट्टी धरायची, मी आकडा वाचायचा. मग मी दुर्बीण उचलून त्याच्या पुढे जाते आणि वळून तीच पट्टी पुन्हा वाचते. तेवढ्या वेळात पट्टीवाल्याने जागचं हलायचं नाही. बस. असे चढ-उतार मोजत फिरून फाटकाशी आलं की हिशेब शून्यावर यायला हवा, कारण मधल्या काळात फाटक काही वर-खाली होत नाही.

आईची रविवारी दवाखान्यात ड्युटी. राहिले बाबा.

"येता का?"

"हं."

रविवारी मी त्यांना सगळं शिकवलं. पट्टी सरळ धरा, मी हात वर केला की जागच्या जागी माझ्याकडे फिरवा, आणि काहीही झालं तरी हलवू नका. चार तास आम्ही उन्हात फिरलो. बाबा एका शब्दाने कुरकुरले नाहीत. फाटकाशी येऊन मी बेरीज केली. फरक आला साडेसहा सेंटिमीटर.

पुन्हा केली. तेवढाच. घरी येऊन तिसऱ्यांदा केली आणि वही भिंतीवर फेकली. रडले, सरांना शिव्या दिल्या, दुर्बिणीला दिल्या, यादीतला सुई-दोरासुद्धा खोडून टाकला. आई पाठीवरून हात फिरवत होती. बाबा दारात उभे राहून बघत होते, मग आत जाऊन झोपले. मला वाटलं, झालं यांच्या मनासारखं.

पहाटे पाचला कोणीतरी माझं पांघरूण ओढलं. बाबा. बँकेचा गणवेश घालून, बूट चढवून.

"ऊठ. पट्टी मी हलवली होती."

मी ताडकन उठून बसले. "कधी?"

"औषधाच्या दुकानापाशी. एक बाई आली, बाबागाडी घेऊन. मी झालो बाजूला. मग ठेवली परत, अंदाजाने."

"आणि हे आत्ता सांगताय? काल मी इथे ऊर बडवत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"कळलं होतं मला. तू बेरीज करताना लगेच कळलं." ते बिछान्याच्या कडेला बसले. "वाटलं, नाही जुळलं तर राहील घरी. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. घर खायला उठेल गं तू गेल्यावर. पण हे असं नको. चल, आत्ता निघालो तर होतंय."

मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं भरून आलं, की मी उलटा टी-शर्ट घालून निघाले. तो उलटा आहे हे मला टाकीपाशी कळलं.

पावणेसहाला पहिला आकडा घेतला. जाताना सगळं झकास. परतीचा रस्ता बँकेवरून. बँकेच्या आवाराच्या तोंडाशी सिमेंटचा पक्का उंबरठा आहे, पट्टीला उत्तम जागा. तिथे आकडा वाचला आणि दुर्बीण उचलून पुढे धावले. पावणेनऊ झाले होते. बाबांची ड्युटी साडेआठची.

मी दुर्बीण लावतेय तोवर मागे हॉर्न वाजला. मॅनेजरसाहेबांची गाडी, नेमकी त्या उंबरठ्यासमोर!  साहेब म्हणजे बाबांचं दैवत. त्यांची गाडी वळली की बाबा चार पावलं आधीच मागे सरतात. 

साहेबांनी काच खाली केली. "अहो, काय चाललंय? बाजूला व्हा!"

"नाही साहेब."

"काय?"

"दोन मिनिटं थांबा साहेब. पोरगी माप घेतेय. पट्टी हलली तर सगळं जाईल." मागे दोन स्कूटर अडल्या, एक पाववाला सायकलवरून उतरला. बाबांनी त्यांच्याकडे मान वळवली आणि बावीस वर्षांत कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "कोणी पुढे येऊ नका! माझी मुलगी आहे ती! परदेशात चाललीय शिकायला!"

आमच्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. मला उलटे बाबा दिसले, उलटी टोपी, आणि पट्टीवर घट्ट दाबलेले दोन हात. डोळ्यांत पाणी, आकडा दिसेना. तीनदा डोळे पुसले तेव्हा कुठे वाचता आला. साहेब गाडी बंद करून खाली उतरले होते, आणि पाववाला त्यांना समजावून सांगत होता की हे रस्ता रुंद करणार आहेत.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी आलो. बेरीज केली. खरं वाटेना, म्हणून पुन्हा केली. नऊ मिलिमीटर. नऊ! मी बाबांना मिठी मारली, पट्टीसकट.

सर नेहमीप्रमाणे पायी येत होते. तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसून त्यांनी वहीची पानन् पान तपासली. मग खिसे चाचपायला लागले.

"पेन विसरलो वाटतं. आणि हे बघ, मदतनिसाचीही सही लागते इथे."

बाबांनी गणवेशाच्या खिशातून स्वतःचं पेन काढलं. वही गुडघ्यावर घेऊन, एकेक अक्षर कोरत पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली, ती वाळेपर्यंत बघत बसले. मग पेन सरांच्या हातात दिलं.

"करा सर आता तुम्ही," ते म्हणाले. "तिला जायचंय."