शिकंजा येईपर्यंत

मुरबाडच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत नामाची नेमणूक शिकंजा येईपर्यंतच झाली होती. शिकंजा म्हणजे बंदूक घट्ट धरून ठेवणारं लोखंडी यंत्र. तो तैवानहून यायचा होता. चार वर्षं तो येतच होता, आणि चार वर्षं नामा बंदूक धरत होता.

कंपनी प्लॅस्टिकच्या गोळ्या करायची. वाटाण्याएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. तिकडे परदेशात मोठी माणसं सुट्टीच्या दिवशी सैनिकांचे कपडे घालून रानात जातात आणि खेळण्यातल्या बंदुकांनी एकमेकांवर या गोळ्या झाडतात, असं सुपरवायझर रोशनने पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

"आनि कोन मरत नाय?" नामाने विचारलं होतं.

"नाय मामा. खेळ आहे तो."

"मंग झाडतात कशाला?"

आटगावच्या रोशनला हे डिप्लोमात शिकवलेलं नव्हतं.

हलकी गोळी वाऱ्यावर भरकटते. म्हणून लांबवर नेम धरणाऱ्या, स्नायपर नावाच्या लांब नळीच्या बंदुकीला जड गोळी लागते, आणि जड गोळीत खोट चालत नाही. आत बुडबुडा राहिला किंवा सांध्याची रेघ राहिली की ती भलतीकडेच जाते. त्यामुळे बायका आधी प्रत्येक घाण्यातल्या गोळ्या काचेच्या उतरणीवरून सोडून बघत. वाकडी घरंगळली की बाद. उरलेल्यांतल्या मूठभर नामा शेडच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या कागदावर मारी. सगळी भोकं एका वाटीखाली झाकली गेली तर माल पास. वाटी कंपनीच्या कँटीनमधली होती आणि तिला सगळे इन्स्ट्रुमेंट म्हणत.

काचेच्या उतरणीवर बसणाऱ्या बायकांत नामाची बायको लहानीही होती. म्हणजे एकाच गोळीला आधी ती पारखी आणि मग तो. घरातही साधारण हीच पद्धत होती.

नामाला ही जागा मिळाली तीही गमतीने. भरतीच्या वेळी साहेबांनी विचारलं, "नेमबाजीचा अनुभव कुणाला आहे?" तशी सिद्धगडाखालच्या वाड्यांमधून आलेली झाडून सगळी माणसं जमिनीकडे बघायला लागली. फॉरेस्टवाला वेश बदलून आलाय याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती. नामा तेवढा म्हणाला, "गलोल मारतो साहेब. पोपटांना. भातावरच्या." पोपट भातावरचेच होते, हे त्याने दोनदा सांगितलं.

तर असा हा नामा. आणि गेल्या भादव्यापासून त्याच्या उजव्या डोळ्यात धुकं उतरायला लागलं होतं.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पण एका सकाळी बसस्टॉपकडे जाताना तो वाटेवरच्या पळसाला "राम राम धाऊमामा" म्हणाला. लहानी मागून चालत होती. पळस काही बोलला नाही. लहानीही बोलली नाही. पुढे खरा धाऊमामा भेटला, तर नामाने त्याला नमस्कार केला नाही, या खेपेला खात्री करून घ्यायची म्हणून.

खंडेनवमीला कंपनीत पूजा झाली. खर्च बेताचा करा, असा मालकांचा मुंबईहून फोन होता. त्यामुळे नारळ एक आणि मशीनं सगळी. साच्यांना हळदकुंकू लागलं, वजनकाट्याला झेंडू लागला, आणि टेबलावर आडव्या ठेवलेल्या बंदुकीपुढे बायकांनी रांगोळी काढली. ताट आवरायला लहानी मागे राहिली. घरीही त्या दिवशी कोयता, विळा, कुऱ्हाड तीच पुजायची.

दसऱ्यानंतर परदेशी ऑर्डरचा जड माल तपासायला आला. नामाने कोपर वाळूच्या पिशवीवर टेकलं, श्वास सोडला आणि खटका ओढला.

गोळी कागदाच्या खाली, भिंतीला लागली.

दुसरी कागदाला लागली, पण कोपऱ्यात. तिसरी वाटेतच खाली बसली. एरवी वाटीत मावणारी भोकं आता परातीतही मावली नसती.

"माल खराब दिसतोय," रोशन म्हणाला.

"माल चांगला हाये," उतरणीवरून लहानीचा आवाज आला. तो जरा जास्तच मोठा आला. "एकएक बघितलीय आमी."

दुसऱ्या पेटीतल्या गोळ्या आणल्या. तेच. दसऱ्याआधी पास झालेल्या मालातल्या आणल्या. तेच. मग मात्र रोशनने मालाकडे बघणं सोडलं आणि तो नामाकडे बघायला लागला. नामाला ते दिसलं. तेवढं दिसत होतं.

संध्याकाळी रोशन फोन करून आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "मामा, मालक म्हणतात शिकंजा मुंबईत आलाय. सोमवारी इथं. बसला की तुम्हाला पॅकिंगला टाका म्हणतात. उद्या शनिवार आहे. उद्या एकदा मारून बघा. झाला पास तर मी बोलतो त्यांच्याशी."

चार वर्षं जो आला नाही, तो नेमका आता आला होता. यंत्रालाही वेळ साधता येते, नामाच्या मनात आलं. पॅकिंगचा पगार तेवढाच होता. पण वाडीत नामाला 'नेमवाला' म्हणत. पोती शिवणाऱ्याला म्हणण्यासारखा शब्द अजून कुणी काढला नव्हता.

घरी आल्यावर त्याने आढ्याला खोचलेली गलोल काढली. उन्हं उतरली होती. समोर मांडवावर दुध्या लोंबत होता. नामाने चिमटीत मातीचा गोळा धरला, रबर ताणलं आणि तसाच उभा राहिला. चुकला असता तर खात्री झाली असती. त्याला खात्री नको होती.

लहानी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. "मारा की."

"दुध्या कवळा हाये."

"मंग खाली ठेवा ती."

त्याने ठेवली. ती तांदळात बघत म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं आसंल, अवो. देवाचं."

"देवाचा काय संबंध त्याच्यात? तू तांदूळ निवड."

एवढ्यावर बोलणं संपलं. दोघांकडेही पुढचं सांगायला होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की चूक आपल्याच वाटणीची आहे.

शनिवारी नामाने पुन्हा मारलं. पुन्हा परात. रोशन ऑफिसात गेला. कागद उतरवायला रोज उतरणीवरची एक पोरगी जायची. आज नामा स्वतः गेला. शेवटचाच म्हणून कागद घडी करून खिशात ठेवावा, असं त्याच्या मनात होतं. घडी घालताना कागद खिडकीसमोर आला.

प्रत्येक भोकाभोवती उजेडाचं एक कडं होतं. भज्यांच्या पुडीचा कागद जसा दिसतो, तसं.

आधी त्याला वाटलं, डोळ्यातलं धुकंच. त्याने कागद हलवला, तर कडी कागदाबरोबर हलली. मग त्याने नाक लावलं. खुरासणीचं तेल. त्यांच्याच डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली खुरासणी. गावात घाण्यावर काढलेलं, नवरात्रात नऊ दिवस घटापुढच्या दिव्यात जळणारं.

त्याला खंडेनवमीचं ताट आठवलं. पळसही आठवला. म्हणजे तिने ऐकलं होतं. नवऱ्याची नजर अधू झालीय, तर बंदुकीनेच सांभाळून घ्यावं म्हणून तिने देवीच्या दिव्यातलं तेल नळीत ओतलं होतं. कोयत्याला लावतात तसंच, फक्त जरा जास्त मायेने.

आणि त्या बंदुकीत नेमकं तेच चालत नाही. नळीच्या वरच्या अंगाला रबराची एक जीभ असते. गोळी बाहेर पडताना ती तिला घासून उलटी फिरकी देते, आणि त्या फिरकीवर गोळी तरंगत लांब जाते. रबर तेलकट झालं की गोळी नुसतीच निसटते. जड गोळी तर मटकन बसते. 'रबराला तेल लावू नये' अशी पाटी कंपनीने भिंतीवर लावलेली होती. ती इंग्रजीत होती, आणि सुंदर होती.

नामाने उतरणीकडे पाहिलं. लहानी त्याच्याकडेच बघत होती. तिच्या हातातली गोळी काचेवर सुटायची राहिली होती.

"साहेब," त्याने ऑफिसच्या दारातून हाक मारली, "नळी उघडा. आत तेल गेलंय."

रोशनने नळी उघडली. रबर चमकत होतं. "हे कुणी केलं?"

"मी. खंडेनवमीला. आमच्यात लावतात."

"अहो मामा, पाटी लावलीये ना—" रोशनने पाटीकडे बोट केलं, ती वाचली, आणि बोट खाली घेतलं. "राहू दे. आमच्या घरी पण लावतात."

रबर साबणाने धुतलं, नळी कापडाने पुसली, सगळं वाळवलं. नामा बसला, कोपर टेकलं, श्वास सोडला. पहिली गोळी गेली आणि कागदाच्या मध्यावर टक् असा आवाज आला. तो आवाज त्याच्या पाठीत उतरला. मग एकामागून एक. बायकांचे हात थांबले होते.

रोशन वाटी घेऊन धावला. सगळी भोकं झाकली गेली. एक सोडून. ते वाटीच्या बाहेर, बरंच बाहेर होतं.

"एखादी गोळी खराब निघायचीच," रोशन हळूच म्हणाला. "धरू या पास."

नामाने जवळ येऊन त्या भोकाकडे पाहिलं. "गोळी चांगली होती, साहेब. ती तिनं पारखलीय. तो माझा डोळा. धुकं येतं त्याच्यात."

रोशनने वाटी खिशात घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "मोतीबिंदू असंल. माझ्या आजीचा शहापूरला काढला. आता ती शेजाऱ्यांच्या घरातलं पण बघते."

"मंग इथं कोन मारंल?"

"सोमवारी येतोय ना तो. त्याला बदलीवर ठेवू, तुमी येईपर्यंत. मालकांना मी सांगतो."

अशा रीतीने तैवानचा शिकंजा मुरबाडला रुजू होण्याआधीच तात्पुरता झाला.

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर दोघं पायवाटेला लागली. आज लहानी मागे नव्हती, बाजूला होती. पळसाजवळ आल्यावर ती थांबली.

"तुमी का सांगितलात तुमी घातलं म्हून?"

"मंग काय देवीचं नाव सांगू?"

तिने पदराने नाक पुसलं. "मला वाटलं, तुमाला दिसंना तर तिला तरी दिसंल."

नामाने झाडाकडे बघून मान हलवली. "धाऊमामा लई दिवसांनी भेटला."

"गप बसा!" ती हसली, आणि हसता हसता पुन्हा पदर शोधायला लागली.

"लहाने, ते तेल उरलंय का गो?"

"हाये बाटलीत थोडं. टाकून देऊ?"

"टाकतीस काय? घरी गेलो की माझ्या डोक्याला लाव. तिथं पाटी नाय."