ओडेलियाची रविवारची टोपी

चाळीस वर्षं ओडेलिया चर्चमध्ये पियानो वाजवत होती, पण कायम दुसऱ्याच्या गाण्यामागे. एकटीनं वाजवणं म्हणजे स्वतःची आरती स्वतःच ओवाळणं, असं ती चारचौघांत म्हणायची. खरं तर तिला कुणी कधी एकटीनं वाजव म्हटलंच नव्हतं.

गल्लीच्या टोकाला जुना जॅझ क्लब होता. रविवारी दुपारी पाटीवर नाव लिहावं आणि तिथल्या मंडळींबरोबर वाजवावं. तीस वर्षं ती त्या दारापाशी पावलं हळू करायची आणि पुढे जायची. सदुसष्टावं सरलं, तेव्हा प्रार्थना आटोपून थेट आत शिरली आणि नाव लिहून मोकळी झाली. एकदाच का होईना, स्वतःचं वाजवायचं.

"ही पिसांची टोपी घालूनच?" ड्रमवर बसलेल्या आल्सीदनं विचारलं. तो तिच्याच चर्चमधला.

"रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत डोकं उघडं करत नाही मी. नेम आहे."

"बरं बाई. गाणं तुझं, म्हणजे म्होरकी तू. सगळे तुझ्याकडे बघणार."

बघत होते, तिथंच घोटाळा झाला. मूळ चाल एकदा वाजली, तरणाबांड रेनेल सॅक्सोफोन घेऊन एकट्यानं रंगात आला आणि ओडेलियाची टोपी घसरली. तिनं ती सावरली. लगेच सगळे मूळ चालीवर परतले. रेनेलचे गाल फुगलेलेच राहिले. मग बास वाजवणाऱ्याची एकट्यानं वाजवायची पाळी आली. पुन्हा टोपी, पुन्हा तेच.

रेनेल वाकून म्हणाला, "मिस ओडेलिया, आमच्यावर राग आहे का? डोक्याला हात म्हणजे 'पुरे, चालीवर या'. इथं शेंबडं पोरही ओळखतं ही खूण!"

पाद्रीबाबांची भुवई हलली की सूर बदलणारी ओडेलिया कानापर्यंत लाल झाली. तेवढ्यात तिची पाळी आली आणि टोपीही पुन्हा घसरू लागली. हात अर्धा उचलला गेला. आल्सीदनं काठ्या सरसावल्या. हात लावावा तर पाळी जाते, काढावी तर नेम मोडतो. तिनं हात खाली घेतला. टोपी नाकापर्यंत उतरली.

काळोखात बोटं आधी भजनाच्या चालीनं चाचपडली. मग डावा हात ठुमकू लागला. चर्चमध्ये दाद देतात तसं कुणीतरी ओरडलं, "सांग बाई, सांग!" मग काय, ती सांगतच सुटली.

बऱ्याच वेळानं तिनं टोपी वर केली. रेनेल कोपऱ्यात गंबो-भात संपवत होता. आल्सीद दोन्ही हातांनी स्वतःचं टक्कल बडवत होता.

"ओडेलिया, वळ उठले गं डोक्यावर! पाटीवर अजून सात नावं आहेत. दिसत नव्हतं तुला?"

"टोपी होती ना," ती नम्रपणे म्हणाली.

संध्याकाळी गुडघे टेकून ती म्हणाली, "देवा, नेम मोडला नाही. त्या सात जणांचं मात्र विचारू नकोस."

मग टोपी काढली. टोपीच्या पेटीतली, केसांत खोचून टोपी घट्ट बसवायची लांब टाचणी शोधून काढली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा पेटीच्या तळाशी ठेवून दिली.