पाटीखालची पाचर

"मी तेव्हाच सांगितलं होतं," बिलियर्डच्या टेबलाखालून आवाज आला.

"काय सांगितलं होतंत?" मॅनेजरने विचारले. खाली उताणा पडलेल्या मेस्त्रीला त्याचे फक्त बूट दिसत होते, आणि तेही एका जागी स्थिर नव्हते.

"की भुशाचा बोर्ड फुगतो. भुसा दाबून लाकूड होत नाही. रद्दी दाबून पुस्तक होतं का?"

"मेस्त्री, तक्रार एवढीच आहे की चेंडू खिडकीकडे वळतो. बाकी इतिहास नंतर सांगा."

"इतिहासामुळेच वळतोय. वर पाणसळ ठेवलीय, तिच्यातला बुडबुडा बघा. मी खालून पाचर ठोकतो. अजून हवं असेल तर बोटाने एकदा वाजवा. पुरे झालं की दोनदा."

वरून चार टकटक ऐकू आल्या.

"चार म्हणजे काय?"

"काही नाही, सहज."

मेस्त्रीने डोळे मिटले. या कामाला दोन माणसे लागतात आणि त्यातला एक तरी शहाणा असावा लागतो, असे त्याचा दादा म्हणत असे. आयुष्यभर दादा वर उभा राहिला आणि हा खाली झोपला. ठोके मोजावे लागत नसत. दादाच्या बोटाचा रोख टेबलाच्या दगडी पाटीतून हातोडीपर्यंत पोचत असे. मग दादाने काम सोडले, आणि हा मिळेल त्याला वर उभा करू लागला.

बिलियर्डच्या टेबलात वेगवेगळ्या आयुष्याच्या वस्तू एका घरात नांदतात, आणि साऱ्या कटकटींचे मूळ त्यात असते, असे त्याचे निरीक्षण होते. वरचे बनातीचे हिरवे कापड काही वर्षांत विरते. कडेचे रबर त्याहून थोडे अधिक टिकते. मग कडक होते आणि चेंडू परत देताना कुरकुरते. चांगल्या लाकडाची चौकट एक पिढी काढते. कापडाखालच्या पाटीला मात्र वय नसते. शाळेतल्या पाटीचाच तो दगड, फक्त बोटभर जाडीचा आणि चार माणसांनी उचलण्याइतका जड. तो वाकत नाही. खालचे वाकतात आणि बोल त्याला लागतो. क्लबाने चौकटीची एक आडवी फळी बदलून तिथे भुशाचा बोर्ड बसवला, त्या दिवसापासून मेस्त्री त्या बोर्डाच्या फुगण्याची वाट पाहत होता. आज ती वेळ आली होती.

अडचण इतकीच की बोर्ड फुगलेला नव्हता.

त्याने दोरी ताणून पाहिली. दोरी आणि बोर्ड यांच्यात कुठेही फट नव्हती. दोरी सैल असेल म्हणून पुन्हा ताणली. ओल असेल म्हणून हात फिरवला. हाताला कोरडी धूळ लागली. आपण ज्याला इतके दिवस नावे ठेवली तो निर्दोष निघावा, यासारखा वैताग नाही. मग खिडकीसमोरच्या भिंतीकडच्या बाजूला, पाटी आणि चौकट यांच्यामध्ये, त्याला एक पाचर दिसली. ती त्याने ठोकलेली नव्हती. त्याने ती हलकेच सोडवून खिशात टाकली.

"आता बघा बुडबुडा."

"मधोमध आला की हो," मॅनेजर म्हणाला. "म्हणजे बोर्डच ना?"

मेस्त्री सरपटत बाहेर आला.

हात धुताना त्याने पाचर उजेडात धरली. सागवानी होती. चारही कोपरे कानशीने घासून गोल केलेले, पातळ टोकाला मेण चोळलेले. धारदार कोपरा चौकटीला जखम करतो, या समजुतीपायी पाचरीचे कोपरे गोल करत बसणारा एकच माणूस या धंद्यात होता. मेस्त्रीने त्या सवयीची हयातभर चेष्टा केली होती.

त्याला प्रथम संताप आला. काम सोडलेल्या माणसाने गुपचूप येऊन चांगल्या टेबलाखाली पाचर ठोकायची, आणि धाकट्याने दुपारभर बोर्डाला शिव्या घालायच्या. संध्याकाळी दादाला गाठून विचारायचे, असे ठरवून तो बाकावर बसून राहिला.

संध्याकाळी क्लब भरला. इथला रिवाज जुना होता: दिवसाचा पहिला फटका दादाचा. दाराकडच्या टोकापासून लांब चेंडू मारून तो खिडकीकडच्या कोपऱ्यात घालायचा. तोवर कोणी काठी उचलायची नाही. दादाने ओळखीचा हात वर केला, वाकला आणि फटका मारला. चेंडू सरळ निघाला, थोडा भिंतीकडे सरकला आणि कडेवर आपटून परतला.

"नुसता नेम बघत होतात वाटतं," निवृत्त पोस्टमन म्हणाला. सगळे हसले, दादाही हसला.

दुसरा चेंडू तसाच गेला. तिसऱ्या वेळी कोणी हसले नाही.

"काय रे पाणसळ," पोस्टमन मेस्त्रीकडे वळला. क्लबात त्याला याच नावाने ओळखत. "मध्येच कसली पाचर मारून ठेवलीस? काल हाच चेंडू डोळे मिटून जात होता."

"टेबल सपाट आहे. बुडबुडा बघा."

"बुडबुडा खेळतो का इथं? आम्ही खेळतो."

"दुरुस्तीला बोलावलं होतं, मेस्त्री," मॅनेजर म्हणाला. "बिघडवायला नाही."

मेस्त्री बोलायला उठला, आणि त्याची नजर दादाच्या हातावर गेली. काठी धरलेले मनगट स्थिर होते. पण फटक्याच्या अगदी शेवटच्या क्षणी ते भिंतीकडे ओढ घेत होते, दर वेळी, सारखेच. पाचर तेवढ्याच, पण उलट्या ओढीची होती. दगड खरा ठरला होता आणि त्यामुळे हात उघडा पडला होता.

"टेबल बरोबरच असेल," दादा म्हणाला. "धाकट्याचं काम आहे. तो चुकत नाही." त्याने बोटांवरचा खडू पुसला आणि काठी भिंतीवरच्या खाचेत ठेवायला गेला. पहिल्यांदा खाच चुकली. "उद्यापासून पहिला फटका दुसरं कुणीतरी मारा. माझं झालं आता."

"थांब," मेस्त्री म्हणाला. "बोर्ड फुगलाय."

"अहो, दुपारी तर सगळं सरळ होतं," मॅनेजर म्हणाला.

"दुपारी दुपारचं होतं. भुशाचा बोर्ड तो, त्याला काय शब्द असतो? मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बदलूनच टाकू."

"नको. आहे तो राहू दे, मी येऊन बघत जाईन. जरा बाजूला व्हा. दादा, तू वर थांब."

तो हातोडी घेऊन खाली शिरला. ज्या बोर्डाने त्याला खोटे पाडले होते, त्याच्याविषयी खोटे बोलून तो आता त्याच्याच खाली उताणा झोपला होता. त्याने खिशातली पाचर भिंतीकडच्या फटीत लावली आणि ठोकली. पूर्वीच्या खुणेपर्यंत ती आली तेव्हा तो थांबला.

वरून काही आवाज आला नाही. दादाने एक चेंडू मारून पाहिला असावा. दगडावरून तो घरंगळत गेल्याचे खाली ऐकू आले, आणि मग कडेवर आपटल्याचे.

एक टकटक.

त्याने ठोकले.

पुन्हा एक.

त्याने आणखी ठोकले. जाड टोक चौकटीशी येऊन भिडले. मग बऱ्याच वेळाने, वयस्क बोटाने वाजवलेल्या, सावकाश अशा दोन टकटक आल्या.

डोक्यावरून चेंडू लांबवर गेला आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात पडला. खुर्च्या सरकल्या, पोस्टमन काहीतरी बोलला आणि नेहमीचा गलका सुरू झाला.

मेस्त्री खालीच पडून राहिला. त्याने अंगठ्याने फट चाचपली. पाचर पुरती आत गेली होती. ठोकायला बाहेर काहीच उरले नव्हते. पुढची याहून जाड करावी लागणार होती. घरी सागवानाचा एक तुकडा होता. कानस मात्र शोधावी लागणार होती, कोपरे गोल करायला.