तांब्याची चकती आणि मंद पडलेलं कार्ड

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रिसेप्शनिस्ट, टेक्निशियन, खुद्द आमचा दादा, सगळे हात जोडून माझ्या संगणकाकडे बघत होते. दादानं बोलावून आणलेल्या लहरीबाबांनी टेबल पूर्वेला फिरवलं, संगणकावर तांब्याची चकती ठेवली, वायरीला दोरा बांधला आणि कंपनं, ऊर्जा असं काहीबाही पुटपुटले. आणि काय सांगू, खालच्या मजल्यावरच्या मशीनमधून स्कॅन भराभर वर येऊ लागले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, स्कॅन सेंटरचा मालक. स्कॅन बघून निदान करायचं काम माझं. कित्येक दिवस स्कॅन मुंगीच्या पावलांनी येत होते. मी नवं नेटवर्क कार्डही बसवून घेतलं होतं. खोक्यावर वेग एक हजार, संगणक दाखवायचा शंभर. आता मात्र हजार दिसत होता, आणि बाबांना हसणारी मी तोंडघशी पडले होते.

आठवडाही गेला नाही, पुन्हा शंभर. बाबांना फोन केला तर म्हणाले, खोलीत कुणीतरी शंकेखोर बसतं, त्यानं ऊर्जेला गाठ पडते. आणि बांधलेल्या वायरीला कुणी हात लावायचा नाही. शंकेखोर मीच. दादानं मला गप्प बसायला सांगितलं. संताप संताप झाला नुसता.

त्या दुपारी शिडीवरून पडलेला एक रंगारी आला. डोक्याला मार, शुद्ध हरपत चाललेली. खालच्या लहान पडद्यावर बारीक रक्तस्राव ओळखू येत नाही, आणि माझ्याकडे स्कॅन निम्म्यावर अडकलेला. त्याची बायको दारात उभी राहून सारखी विचारत होती, कळलं का काही?

माझा धीर सुटला. दोरा तोडला आणि टेबलाखाली शिरले. वायरीवर कपाटाचा पाय होता. वायर सोडवून उचलली, तसा कार्डावरचा पिवळा दिवा हिरवा झाला, म्हणजे पूर्ण वेग. खाली सोडली, पुन्हा पिवळा. दादाला वाकायला लावून दोनदा दाखवलं. मग रिसेप्शनची वायर काढून माझ्या संगणकाला लावली. क्षणात पूर्ण स्कॅन आला. कवटीखाली रक्त साचत होतं. रंगाऱ्याला तसंच ऑपरेशनला पाठवलं.

"या वायरीत आठ तारा असतात," मी दादाला म्हणाले. "पूर्ण वेगाला आठही लागतात. एखादी तुटली तर कार्ड बंद पडत नाही, उरलेल्यांवर रखडत चालतं. बाबांनी टेबल फिरवलं तेव्हा वायर ओढली गेली आणि कपाटाखाली चिरडून तुटलेल्या तारेची टोकं चिकटली. फरशी पुसताना टेबल परत सरकलं आणि सुटली."

दादानं खाली पडलेला दोरा उचलला. मग म्हणाला, "पण टेबल फिरवायची बुद्धी बाबांनाच झाली ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

"झाली. आणि वायरीला हात लावू नका हेही त्यांनीच सांगितलं. आज आपण ते ऐकलं असतं तर दारातल्या त्या बाईला काय सांगितलं असतंस?"

दादानं तांब्याची चकती उचलून खणात टाकली. तुम्हीही हाच प्रश्न विचारा, यांचं ऐकलं तर काय होईल? चमत्कार दाखवणारा खुशाल दाखवू दे, पण तो तपासून बघायला मनाई करू लागला, की समजा पाणी मुरतंय. अशा वेळी वाकून टेबलाखाली बघायला लाजू नका.